बर्फातल्या चेकपॉइंटवरून कुत्र्यांची शर्यत बघायची तर

अमेरिकेतल्या मिनेसोटात जॉन बेअरग्रीज स्लेड डॉग मॅरेथॉन, म्हणजे बर्फावरून गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांची शर्यत, बघायला पहिल्यांदा जाणारे बरेच जण एकच चूक करतात. सकाळी डुलुथजवळ स्टार्ट बघतात, मग गाडी दामटत पहिल्या चेकपॉइंटला (वाटेतलं, टीम थांबतात ते ठिकाण), तिथून दुसऱ्या. रात्रीपर्यंत पावणेदोनशे मैल ड्रायव्हिंग झालेलं असतं आणि कुत्री दिसलेली असतात जेमतेम दीड मिनिट. कारण साधं आहे. 12 कुत्र्यांची टीम समोरून 5-6 सेकंदांत निघून जाते, आणि तुम्ही पार्किंगमधून चालत येईपर्यंत ती गेलेलीच असते.

त्यापेक्षा एकच चेकपॉइंट धरा आणि एका टीमचा पूर्ण फेरा बघा: येणं, थांबणं, झोपणं, पुन्हा निघणं. पाच-सहा तास लागतात. शर्यत तिथे कळते.

शर्यतीची ओळख थोडक्यात. जॉन बेअरग्रीज हे मूळनिवासी ओजिब्वे समाजातले टपालवाहक. 1879 ते 1899 अशी 20 वर्षं ते लेक सुपीरियरच्या उत्तर किनाऱ्यावर टू हार्बर्स ते ग्रँड मराय टपाल नेत. उन्हाळ्यात वल्ह्याच्या होडीने, हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाडीने. आज तिथे हायवे 61 आहे आणि हे अंतर सुमारे 83 मैल भरतं. शर्यत जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, रविवारी सुरू होते आणि सुमारे 300 मैलांची असते. त्याच सुमारास कमी अंतराच्या शर्यतीही असतात. 2023ची आयडिटारॉड (अलास्कातली कुत्र्यांची सगळ्यात नावाजलेली शर्यत) जिंकणारे रायन रेडिंग्टन बेअरग्रीजही जिंकलेले आहेत, म्हणजे 'लोकल' म्हटलं तरी दर्जा कच्चा नाही.

आधी बर्फ आहे का ते बघा

हॉटेल बुक करण्याआधी हे. 2024ची शर्यत बर्फच नसल्याने रद्द झाली होती. पाव्हणे बोलावून ठेवले आणि शर्यत पुढे गेली, असं होऊ शकतं. रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या. मार्गही दरवर्षी जसाच्या तसा राहतो असं नाही, त्यामुळे चेकपॉइंटची यादी आणि प्रेक्षकांसाठीचे नियम त्या वर्षीच्या शर्यतीच्या संकेतस्थळावरून घ्या. मित्राने तीन वर्षांपूर्वी पाठवलेला नकाशा चालणार नाही.

कोणता चेकपॉइंट

मिनियापोलिस-सेंट पॉल भागात राहणाऱ्या मराठी घरांना डुलुथ सुमारे 150 मैल, अडीच तास. तिथून पुढे हायवे 61 किनाऱ्याने जातो. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी फिनलंड हा चेकपॉइंट सोयीचा. (देश नव्हे, फिनिश स्थलांतरितांनी वसवलेलं छोटं गाव.) डुलुथहून सव्वा ते दीड तास. जाताना टू हार्बर्स आणि सिल्व्हर बे इथे पेट्रोल मिळतं. सॉबिल आणि गनफ्लिंट ट्रेलवरचा ट्रेल सेंटर हे पुढचे चेकपॉइंट जास्त देखणे आहेत, पण जंगलात आत आहेत, मोबाइलची रेंज तुटते, आणि टीम तिथे बऱ्याचदा रात्री-अपरात्री येतात. लहान मुलं बरोबर असतील तर ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

वेळ काढायची रीत

वेळापत्रकात छापलेल्या वेळेवर फार विसंबू नका. टीमवर जीपीएस ट्रॅकर असतो आणि नकाशावर तिचा ठिपका सरकताना दिसतो. तो काही मिनिटं मागे असतो, हे लक्षात ठेवा. ठिपका चेकपॉइंटपासून मैलभर दूर दिसतोय तेव्हा टीम प्रत्यक्षात आत शिरलेली असू शकते.

रेंज नसेल तर हिशेब हाताने करा. या उत्तर किनाऱ्याच्या चढ-उतारांवर लांब पल्ल्याची टीम ताशी 8 ते 10 मैलांनी धावते. मागच्या चेकपॉइंटवरून दुपारी 2ला निघाली आणि मधलं अंतर 40 मैल असेल, तर ताशी 9च्या वेगाने साडेचार तासांच्या आत, म्हणजे साडेसहाच्या थोडं आधी. ताजा बर्फ पडला की वेग घटतो. ऊन पडून तापमान शून्याच्या आसपास गेलं तरी घटतो. माणसाला वाटतं आज हवा छान आहे. या कुत्र्यांना मात्र ते उकाड्यासारखं असतं. उणे 15-20 सेल्सियसला ती खुशीत धावतात.

आणखी एक गोष्ट. टीम ठरावीक अंतराने, एकामागून एक सोडतात, आणि सुरुवातीचा हा फरक नंतर एखाद्या सक्तीच्या विश्रांतीत वळता करतात. त्यामुळे चेकपॉइंटला पहिली आलेली टीम आघाडीवर आहेच असं नाही. बिब नंबर (गाडीवानाच्या अंगावरचा क्रमांक) आणि आल्याची वेळ लिहून घ्या, तरच पुढचं कळेल.

कपडे: चूक कुठे होते

उणे 20 फॅरनहाइट म्हणजे उणे 29 सेल्सियस. अशा थंडीत चालणं सोपं, उभं राहणं अवघड. आणि इथे काम आहे ते उभं राहण्याचंच.

पाय आधी गारठतात. एकावर एक तीन मोजे घालून बूट घट्ट केला की रक्त फिरत नाही आणि बोटं उलट लवकर बधिर होतात. एक जाड लोकरी मोजा, आत फेल्टचं अस्तर असलेला बूट, तोही एक नंबर मोठा. उभं राहाल तिथे बुटाखाली पुठ्ठ्याचा किंवा फोमचा तुकडा टाका. बर्फ तळव्यातून ऊब खेचतो, ते थांबतं. दिसायला विचित्र दिसतं, पण तासाभराने शेजारचे लोक विचारायला येतात.

अंगाला चिकटून सुती काहीही नको. घाम सुतात मुरतो आणि थांबलात की गारठवतो. आत लोकरी किंवा सिंथेटिक थर, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं जाड जॅकेट. हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहणारे मिटन बरे, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. हॅंड वॉर्मरच्या पुड्या लोखंडाच्या भुकटीवर चालतात आणि त्यांना हवा लागते. घट्ट मिटनात कोंबल्या की थंड पडतात, आणि लोक म्हणतात पुडी खराब निघाली. पाकीट फोडून 10-15 मिनिटं मोकळी ठेवा, मग आत घाला.

दर अर्ध्या तासाला एकमेकांचे गाल आणि नाक बघा. पांढरा, मेणचट ठिपका दिसला की तो हिमदंशाची सुरुवात. चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. उबदार तळहात टेकवून धरा आणि माणसाला आत न्या. मुलांना 20-25 मिनिटं बाहेर, मग गाडीत किंवा आतल्या खोलीत, अशा पाळ्या लावा. मुलं सांगत नाहीत, कंटाळतात फक्त, आणि आई-बाबांना वाटतं कार्टं उगाच कटकट करतंय.

फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. बाहेर ठेवला तर 60 टक्के बॅटरी असतानाही बंद पडतो. कॅमेरा आत नेताना बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा, नाहीतर लेन्सवर दव धरतं.

खायचं काय

चेकपॉइंटवर मिळालंच तर चिली (मांस-बीन्सचा रस्सा), हॉट डॉग, कॉफी असा मामला; शाकाहारी माणसाने भरवशावर राहू नये. थर्मासात वरण किंवा सूप, चहा वेगळ्या थर्मासात. पोळीभाजीचा रोल अंगाजवळच्या खिशात ठेवला तर खाण्यालायक राहतो. शेंगदाण्याची चिक्की नेऊ नका, त्या थंडीत दगड होते आणि आधी दात तुटतो की चिक्की अशी स्पर्धा लागते. बेसनाचे लाडू चालतात, पण बेदाणे काढून. बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतात, आणि प्रेक्षकाच्या हातून बर्फात पडलेलं कुत्र्याच्या तोंडात जायला वेळ लागत नाही. खाणं गाडीत उरकून मगच ट्रेलजवळ, म्हणजे शर्यतीच्या वाटेजवळ, या. वास नुसता आला तरी म्होरका, म्हणजे सगळ्यात पुढचा कुत्रा, वळू शकतो.

उभं कुठे राहायचं

12 कुत्र्यांची जोडी-जोडीने जुंपलेली टीम गाडीसकट सुमारे 55 फूट लांब भरते. ही लांबी लक्षात ठेवा, सगळं त्यावर आहे. वळणावर गाडी घसरत बाहेरच्या अंगाला फेकली जाते, आणि मधली दोरी आतला कोपरा कापते. म्हणजे वळणाची आतली बाजूही वाईट, बाहेरचीही. सरळ पट्टा शोधा, ट्रेलपासून 8-10 फूट मागे, आणि सगळ्यांनी एकाच बाजूला उभं राहा. गर्दीत मध्ये मोकळी फट ठेवू नका. म्होरक्याला ती फट रस्ता वाटते आणि तो अख्खी टीम घेऊन तुमच्यात शिरतो. त्यात दोष त्याचा नाही.

बैलगाड्याच्या घाटात आरडाओरडा केल्याशिवाय शर्यत रंगत नाही. इथे उलट. गाडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या, म्हणजे मशरच्या, हातात कासरा नसतो. सगळा कारभार आवाजावर चालतो: 'जी' म्हणजे उजवीकडे, 'हॉ' म्हणजे डावीकडे, 'ऑन बाय' म्हणजे दुर्लक्ष करून पुढे चला, 'वोआ' म्हणजे थांबा. ('मश' म्हणणारा मशर प्रत्यक्षात विरळाच; निघताना 'हाइक' किंवा 'ऑल राइट' ऐकू येईल.) तुम्ही त्याच वेळी ओरडलात तर 50 फुटांवरच्या म्होरक्याला काही ऐकू जात नाही. टीम पुढे गेल्यावर टाळ्या वाजवा.

फ्लॅश नको. रात्री हेडलॅम्प खाली वळवा किंवा लाल प्रकाशावर ठेवा. घरचा कुत्रा आणू नका, गाडीतसुद्धा शक्यतो नको. आणि मशर नसलेली कुत्र्यांची गाडी येताना दिसली तर बाजूला व्हा, 'लूज टीम' असं ओरडा, आणि पकडायचं काम स्वयंसेवकांवर सोडा. म्होरक्यांपुढे हात पसरून उभं राहिलं की पुढची कुत्री थांबतात, मागची थांबत नाहीत, आणि मधल्यांचा गुंता होतो. गळ्याभोवती दोरी असताना गुंता ही गमतीची गोष्ट नव्हे.

टीम आली. आता बघायचं काय

रात्र असेल तर आधी झाडांमध्ये एक हलता दिवा दिसतो, मग पट्ट्यांवरच्या चमकत्या टेपचे ठिपके. आवाज जवळजवळ नाहीच. लांब पल्ल्यावर धावताना कुत्री भुंकत नाहीत. बर्फावरच्या पावलांची सरसर आणि श्वास ऐकू येतो.

चेकर वेळ लिहितो, कुत्री मोजतो, नियमानुसार गाडीत असायलाच हवं ते सामान आहे का बघतो. मग स्वयंसेवक टीमला तिच्या जागेवर नेतात. मशर दोन दात्यांचा लोखंडी हूक पायाने बर्फात दाबतो, दोरी बांधतो, पुढचं टोकही ताणून बांधतो, म्हणजे रांग सरळ राहते. यानंतर तो प्रत्येक कुत्र्याची ओढायची दोरी पट्ट्यावरून सोडतो. इथे नीट बघा. काम संपल्याचा हा इशारा कुत्र्यांना ठाऊक असतो; दोरी सुटली की कान पडतात, काही तिथेच बसतात.

मग बुटी काढणं. बुटी म्हणजे जाड नायलॉनची साधी पिशवी, मनगटावर वेल्क्रोची पट्टी. कुत्र्यामागे 4, टीममागे 48. बोटांच्या बेचक्यात बर्फाच्या गोळ्या धरून कातडी फाटू नये म्हणून ती असते. पट्टी सैल बांधली तर मैलभरात उडून जाते, घट्ट बांधली तर मनगट सुजतं. मशर बुटी काढताना पंजा उलटा करून बेचक्यात अंगठा फिरवतो, तो हेच तपासतो. ट्रेलवर पडलेली बुटी सापडली तर स्वयंसेवकाला विचारा. पोरांना बहुधा ठेवायला देतात.

पुढे पेंढा. गठ्ठा सोडून प्रत्येकाखाली अंथरला जातो, आणि कुत्रं त्यावर दोन-तीन गिरक्या घेऊन, शेपटीखाली नाक खुपसून मुटकुळं करतं. शेजारी स्पिरिटच्या कुकरवर पाणी उकळत असतं. कोरडं खाद्य, मांस आणि चरबी त्या पाण्यात भिजवून पातळ रसा देतात, कारण थंडीत कुत्री नुसतं पाणी पुरेसं पीत नाहीत. लांबच्या शर्यतीत एका कुत्र्याला दिवसाला 10,000 कॅलरींच्या आसपास लागतात, आणि कुत्रं असतं 20-25 किलोचंच. चित्रातल्या झुपकेदार हस्कीच्या अपेक्षेने येणारे इथे जरा नाराज होतात. अलास्कन हस्की काटक, लांब पायांची, दिसायला गावठी असते.

पशुवैद्य आले की गर्दी न करता कान देऊन उभं राहा. हृदयाचे ठोके, हिरड्यांचा रंग, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर किती लवकर बसते (उशिरा बसली तर पाणी कमी पडलंय), कण्यावर मांस किती, फुप्फुसांचा आवाज, मग खांदे आणि मनगटं वाकवून. जेवणाकडे तोंड फिरवणारं कुत्रं ही सगळ्यात मोठी खूण. दमलेलं किंवा लंगडणारं कुत्रं तिथेच उतरवतात आणि ते टीमच्या माणसांबरोबर ट्रकमधून परत जातं. एकदा उतरवलेलं पुन्हा जुंपता येत नाही, आणि बदली कुत्रं घेता येत नाही. 12ने निघालेली टीम 8वर संपली तर ती वाईट चालवली असं समजू नका. अनेकदा उलट असतं.

कुत्र्यांना असं पळवणं बरोबर आहे का, असं कुणी विचारलं (आणि मराठी घरात कुणीतरी विचारतंच, विचारावंही) तर उत्तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा याच टप्प्यावर स्वतः बघा: कोण उठून जेवतंय, कोण नाही, आणि मशर आधी स्वतः सूप पितो की आधी कुत्र्यांना घालतो.

मग चार-पाच तास काहीच घडत नाही. कुत्री झोपतात. या वेळात पेंढ्याच्या रांगांमधून फिरू नका, बोलायचं तर हळू बोला, आणि कितीही मोह झाला तरी हात लावू नका. मशर तासभर कुठेतरी लवंडतो. तुम्हीही गाडीत जाऊन वरण प्या. मशरशी बोलायचं असेल तर तो जेवताना नाही, झोपायला निघताना तर नाहीच. टीमबरोबर ट्रकवर आलेली मदतनीस मंडळी जास्त मोकळेपणाने बोलतात.

निघायच्या तासभर आधी परत या. मशर पुन्हा 48 बुटी बांधायला घेतो, त्यात सरावलेल्या हातालाही 15-20 मिनिटं जातात. वेल्क्रोचा चर्र आवाज झाला की पेंढ्यातली मुटकुळी उलगडू लागतात. एक अंग ताणतं, एक जांभई देतं, मग कुणीतरी पहिलं भुंकतं. ओढायच्या दोऱ्या अडकवल्या की गोंगाट इतका वाढतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पट्ट्यात उभी राहून कुत्री हवेत उड्या मारतात, दोरी ताणतात, हूक बर्फातून हलतो. चेकर घड्याळ बघत आकडे मोजतो. हूक सुटतो, आणि एका क्षणात आवाज बंद.

परतताना

गाडीची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका, काच धुण्याचं पाणी उणे 30 फॅरनहाइटपर्यंत न गोठणारं घ्या. फावडं, घोंगडी, आणि चाक फिरू लागलं तर टाकायला वाळूची पिशवी डिकीत हवी. पार्किंग करताना रस्त्याच्या कडेची बर्फाची सपाटी जमीन समजू नका. रस्ता साफ करणाऱ्या यंत्राने लोटलेल्या बर्फाखाली बहुधा चर असतो, आणि तिथे दरवर्षी कुणाची तरी गाडी कलंडलेली असते. कुत्र्यांच्या ट्रकचा रस्ता अडवू नका. कुत्र्यांसाठी कप्पे असलेल्या लाकडी पेट्या पाठीवर घेऊन येणारे हे ट्रक लगेच ओळखू येतात.

हायवे 61वर अंधारात हरणं आडवी येतात, आतल्या रस्त्यांवर मूसही (हरणाच्याच जातीचा, पण प्रचंड प्राणी). मूसचे पाय लांब, अंग काळपट, त्यामुळे दिव्याच्या झोतात डोळे चमकतीलच असं नाही. वेग कमी ठेवा, जागा राहणारा माणूस शेजारी बसवा, आणि पहाटे निघायची वेळ आली असेल तर सरळ सिल्व्हर बे किंवा टू हार्बर्सला मुक्काम करा. खोली दोन महिने आधी सांगून ठेवा, शर्यतीच्या आठवड्यात उरत नाही.